साल, उचल आणि सतरा ऑक्टोबर

जून २०२४ च्या दुसऱ्या रविवारी सांगलीच्या बसस्थानकाजवळील एका लहान सभागृहात आम्ही पहिली बैठक बोलावली. अकरा संघटनांना पत्रे गेली होती आणि त्यांपैकी सात संघटनांचे मिळून एकोणीस जण आले. सांगली-मिरज भागात घरेलू कामगार महिलांच्या संघटनेचे काम मी बावीस वर्षे करीत आहे आणि निमंत्रक म्हणून त्या पत्राखाली सही माझी होती. १७ ऑक्टोबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिनी, सांगली जिल्ह्यातील आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटावमधील कष्टकऱ्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन गरिबी आणि विषमतेविषयी एकच निवेदन द्यावे, असा त्या बैठकीचा उद्देश होता.

हा दिवस आम्ही का निवडला, ते आधी सांगते. १९८७ मध्ये याच तारखेला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात एक लाखाहून अधिक लोक जमले होते. त्यांना हाक देणारे फादर जोसेफ व्रेझिन्स्की स्वतः अत्यंत गरिबीत वाढलेले होते. तेथे बसविलेल्या शिळेवर असा आशय कोरलेला आहे की, जेथे माणसांना घोर दारिद्र्यात जगावे लागते तेथे मानवी हक्कांचा भंग होतो आणि त्या हक्कांसाठी एकत्र येणे हे आपले कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ मध्ये हा दिवस अधिकृत केला. ‘मदत करणे’ असे न म्हणता ‘एकत्र येणे’ हे कर्तव्य आहे असे म्हटलेले मला फार मोलाचे वाटत आले आहे, आणि पत्राच्या पहिल्या परिच्छेदात मी तेच लिहिले होते.

तरीही पहिली बैठक फसली, आणि त्याचे कारण माझ्याच पत्रात होते. ‘आपापल्या मागण्या लेखी घेऊन यावे’ असे मी लिहिले होते, आणि सर्वांनी तसे केले. मार्केट यार्डातील हमालांनी भराई-उतराईच्या दराचा कागद आणला, आटपाडीहून आलेल्यांनी पाण्याच्या आवर्तनांचा आणला, कोयना प्रकल्पग्रस्तांच्या प्रतिनिधीने साठ वर्षांपासून प्रलंबित असलेल्या जमिनींची यादी आणली, आणि आमच्या बायकांनी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये होऊनही लाभ हातात पडत नाहीत, हे गाऱ्हाणे आणले. साडेतीन तासांत त्रेचाळीस मागण्या वाचून झाल्या. ज्याचे वाचून होई तो उठून बाहेर चहाला जाई, त्यामुळे शेवटच्या माणसाचे ऐकायला सहाच जण उरले होते.

शेवटी हमालांच्या एका ज्येष्ठ प्रतिनिधींनी मला विचारले, “ताई, तुम्ही पत्रात जगाची गरिबी लिहिली आहे. तिचा आणि आमच्या हमालीच्या दराचा संबंध काय, तेवढे सांगा.” जागतिक बँकेच्या तेव्हाच्या हिशेबाने जगात सुमारे सत्तर कोटी माणसे दिवसाला २.१५ डॉलरच्या रेषेखाली जगतात, आणि ही रेषा बाजारातील विनिमय दराने नव्हे तर क्रयशक्तीच्या तुलनेने काढतात, असे मी सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि वही मिटली. आकडा बरोबर असला, तरी ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे मला तेव्हाच कळले.

जुलैच्या बैठकीत आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक संघटनेने दुसऱ्या एका संघटनेच्या वस्तीत जाऊन किमान एक दिवस राहायचे आणि पुढच्या बैठकीत आपली मागणी न मांडता त्या लोकांची मागणी मांडायची, असा नियम सुचविला गेला. त्यावर सर्वांत गंभीर आक्षेप तासगाव तालुक्यातील भूमिहीन शेतमजूर महिलांच्या कार्यकर्तीने घेतला. “आमच्या वतीने दुसरे बोलत आले, म्हणूनच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिलो. आता कुठे तोंड उघडले आहे, तर ते पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यायचे काय?” असे त्या म्हणाल्या. या आक्षेपावर पाऊण तास चर्चा झाली आणि माझ्या मते संपूर्ण चार महिन्यांतील सर्वांत उपयोगी पाऊण तास तोच होता. त्यातून नियमाला दोन अटी जोडल्या गेल्या. ज्यांची मागणी आहे त्यांनी मांडणाऱ्याच्या शेजारी बसावे आणि चूक झाली की तेथल्या तेथे दुरुस्त करावी, ही पहिली अट होती. दुरुस्ती झाल्यावर ‘हे आमचे आहे’ असे त्यांनी म्हणेपर्यंत ती मागणी कागदावर जाऊ नये, ही दुसरी. आक्षेप घेणाऱ्या कार्यकर्तीनेच या अटी शब्दबद्ध केल्या.

आमच्या संघटनेच्या वाट्याला जत तालुक्याच्या पूर्व भागातील ऊसतोड कामगारांचे एक गाव आले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच जणी निघालो. लोकांना रविवार सुट्टीचा वाटतो, पण धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्या दिवशी सगळे घरी असल्याने काम अधिकच असते. पाचही जणींनी खाडा केला होता, आणि त्यांतील दोघींचे पैसे त्या खाड्यापायी कापले गेले. महिलांना एसटीचे अर्धे तिकीट नसते, तर तो प्रवास पाच जणींना परवडला नसता.

त्या भागातील अनेक गावांत घरची भाषा कानडी आहे. ज्या अंगणात आम्ही बसलो होतो तेथे एक चाळिशीची बाई पुन्हा पुन्हा ‘साल’ म्हणत होती आणि आम्ही समजत होतो की ती वर्षाविषयी बोलते आहे. तिच्या मुलीने मराठीत सांगितले तेव्हा उलगडा झाला, कारण कानडीत ‘साल’ म्हणजे कर्ज. आमच्यातील एकीचे वडील आयुष्यभर सालगडी, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारे शेतगडी, होते, आणि हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्या बाईने हिशेब सांगितला तो असा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांच्या कोयत्यावर, तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून ऐंशी हजारांची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली होती, आणि पाच महिने कर्नाटकच्या सीमेवरील फडात राबूनही हंगामाच्या शेवटी बावीस हजार अंगावर राहिले. ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच घ्यावी लागली. म्हणजे कारखान्याचे बॉयलर पेटण्याआधीच पुढच्या वर्षाचे श्रम विकले गेले होते. उचलीचा कागद तिच्याकडे नव्हता आणि हिशेबाची वही मुकादमाच्या घरी होती.

हमालांच्या प्रतिनिधींनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता, म्हणून मी तेथे झांबिया या देशाविषयी सांगितले. आफ्रिकेतील हा देश जमिनीतून तांबे काढून विकतो, तांब्याचा भाव त्याच्या हातात नसतो, जुने कर्ज फेडण्यासाठी त्याला नवे घ्यावे लागले, आणि २०२० मध्ये हप्ता देता न आल्याने तो थकबाकीदार ठरला. मुलगी कानडीत सांगत गेली. सगळे ऐकून झाल्यावर त्या बाईने विचारले, “त्यांचा मुकादम कोण?”

अशा प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मी आयुष्यभर वाट पाहिली असावी, असे मला त्या क्षणी वाटले. परदेशी रोख्यांत पैसे गुंतविणारे निधी, मोठ्या राष्ट्रांच्या सरकारी बँका आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था असे अनेक मुकादम आहेत, हे मी माझ्या शक्तीप्रमाणे समजावले. मग तिने विचारले, उचल माफ झाली असे कुठे झाले आहे काय? झाले आहे, असे मी सांगितले. गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी १९९८ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात सुमारे सत्तर हजार माणसांनी श्रीमंत राष्ट्रांच्या नेत्यांच्या बैठकीभोवती मानवी साखळी केली होती. २००५ मध्ये ‘गरिबी इतिहासजमा करा’ या हाकेवर एडिंबरोमध्ये दोन लाखांहून अधिक लोक चालले, आणि त्या वर्षी ग्लेनईगल्स येथे अठरा देशांचे सुमारे चाळीस अब्ज डॉलरचे कर्ज रद्द करण्याला मान्यता मिळाली. त्या अठरांत झांबियाही होता.

“मग परत कर्ज कसे झाले?” असा तिचा पुढचा प्रश्न होता. मी सांगितले की, कर्ज माफ झाले, पण कमाईच्या अटी बदलल्या नाहीत. तेव्हा ती जे म्हणाली ते मी त्याच दिवशी परतीच्या एसटीत लिहून ठेवले. टनाचा दरही आम्ही ठरवत नाही आणि वहीही आमच्याकडे नाही, म्हणून एकदा माफ करून भागणार नाही, वही आमच्या हातात पाहिजे, असे ती म्हणाली. पुढे निवेदनाच्या मसुद्यात ‘वही आमच्या हातात’ हे शब्द दोन ठिकाणी आले. एकदा ते ऊसतोड कामगारांच्या उचलीच्या लेखी नोंदीविषयी होते आणि एकदा गरीब देशांच्या कर्जाचे व्यवहार उघड करण्याविषयी.

इतर भेटींविषयी थोडक्यात सांगते. हमालांचे तिघे आटपाडीला गेले आणि तेथे त्यांनी १९९३ पासून चाललेल्या पाणी संघर्षाची हकीकत ऐकली. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, ही समन्यायी पाणीवाटपाची कल्पना त्यांना इतकी पटली की, परत आल्यावर त्यांनी आपल्या टोळीतील काम वाटून घेण्याची पद्धत तीवरून तपासून पाहिली. जुलैच्या अखेरीस कृष्णेचे पाणी वाढू लागले तेव्हा २०१९ च्या महापुराच्या आठवणीने नदीकाठच्या वस्त्या धास्तावल्या आणि आमच्या दोन बैठका पुढे गेल्या. त्याच दिवसांत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्यासाठी आणि बँक खात्याला आधार जोडण्यासाठी बायका रांगेत उभ्या होत्या. महिन्याचे पंधराशे रुपये त्यांच्यासाठी खरोखरच मोलाचे होते, आणि बैठकीला येण्यापेक्षा त्या रांगेत उभे राहणे त्यांना अधिक निकडीचे वाटले, यात त्यांचे काहीही चुकले नाही असे माझे मत आहे.

सप्टेंबरमधील बैठक तासगाव तालुक्यातील विसापूर येथे घेण्याचा आग्रह शेतमजूर महिलांनी धरला, कारण रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग त्यांच्या तालुक्यात झाला होता. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे याच गावचे. साठच्या दशकात त्यांनी येथे काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करविला, १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे.

हे सर्व बहुतेकांना ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो पैशाचा भाग, आणि तो आमच्याबरोबर आलेल्या एका माध्यमिक शिक्षकांच्या पगारपत्रकातून उलगडला. त्यांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, वर्षाचे अडीच हजार होतात, आणि हा कर कशासाठी याचा त्यांनी वीस वर्षांत कधी विचार केला नव्हता. १९७५ मध्ये हा कर रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच बसविण्यात आला होता. शहरातील नोकरदाराने दुष्काळी भागातील मजुराच्या कामासाठी कराच्या रूपाने वाटा उचलायचा आणि मजुराने तो भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून घ्यायचा, अशी ही व्यवस्था होती. शिक्षकांनी समोरच्या शेतमजूर बाईला विचारले, “म्हणजे माझे दोनशे रुपये तुमच्या बंधाऱ्यावर आले?” ती म्हणाली, “आले असतील, पण मजुरी पंधरा दिवसांत मिळायची ती तीन महिन्यांनी मिळाली.”

त्या दिवशी विषमतेचा विषय आपोआप निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखाली रिओ येथे भरलेल्या जी-२० या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाच्या अर्थमंत्र्यांच्या बैठकीत अतिश्रीमंतांवर प्रभावी कर बसविण्यासाठी सहकार्य करण्याची भाषा प्रथमच मान्य झाली होती. जगातील सुमारे तीन हजार अब्जाधीशांकडून संपत्तीच्या दोन टक्के इतका किमान कर घेतला, तर वर्षाला दोनशे ते अडीचशे अब्ज डॉलर उभे राहू शकतात, असा अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांचा अहवाल त्यामागे होता. हमालांच्या त्याच ज्येष्ठ प्रतिनिधींनी पिशवीतून शंभर हळकुंडे काढली आणि दहा जणांना ओळीत उभे केले. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालातील संपत्तीचे प्रमाण आम्ही त्यांना आधी सांगितले होते. त्यांनी पहिल्या माणसाच्या ओंजळीत शहात्तर हळकुंडे ओतली, पुढच्या चौघांत मिळून बावीस वाटली आणि उरलेल्या पाच जणींपुढे दोन ठेवली. दोन हळकुंडे पाच जणींत कशी वाटायची, हे कोणालाच सुचेना. “जूनमध्ये विचारले होते ना संबंध काय म्हणून,” असे म्हणून त्यांनी ती दोन हळकुंडे माझ्या हातात दिली.

पैसा आणि नाव या दोन गोष्टींवर मात्र आमच्यात फूट पडली. बाहेरच्या जिल्ह्यातील एका संस्थेने मंडप, जेवण आणि वाहनांचा खर्च देऊ केला होता. त्या बदल्यात फलकावर तिचे नाव सर्वांत वर असावे, अशी तिची अट होती. काहींना त्यात गैर वाटत नव्हते. परदेशी देणगी मिळविणाऱ्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास २०२० च्या कायदा दुरुस्तीने मनाई केली आहे आणि त्यामुळे लहान संघटनांची कोंडी झालेली आहे, हे त्यांचे म्हणणे खरे होते. तरीही बहुमताने प्रत्येक संघटनेने पाचशे रुपये आणि माणशी मूठभर ज्वारी द्यावी असे ठरले. फलकावर कोणाचेच नाव नसावे, हेही ठरले. एका संघटनेने हे अमान्य करून अंग काढून घेतले. त्या संघटनेची माणसे चांगली होती आणि त्यांच्या जाण्याचे मला आजही वाईट वाटते. त्यांच्याशी बोलायला मी एकटीने त्यांच्या गावी जायला हवे होते, पण मी फोनवर बोलून थांबले.

निवेदनात पाच मागण्या राहिल्या. उचलीची लेखी नोंद, घरेलू कामगार मंडळाला पुरेसा निधी, समन्यायी पाणीवाटप आणि रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांत मिळणे, या चारांवर वाद नव्हता. पाचवी मागणी गरीब देशांची कर्जे रद्द करण्याची आणि अतिश्रीमंतांवर कर बसविण्याची होती. जिल्हाधिकारी झांबियाचे कर्ज कसे माफ करणार, लोक हसतील, ती काढा, असे तिघा-चौघांनी सुचविले. जतच्या महिलांनी ती काढू दिली नाही. भारत जी-२० चा सदस्य आहे, निवेदन जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जाते, आणि आमच्यासारख्यांनी मागितल्याची नोंद कोठेतरी झाली पाहिजे, असे त्यांच्या वतीने हमालांच्या प्रतिनिधींनी मांडले. नियमाप्रमाणे त्या बायका शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी एकही दुरुस्ती केली नाही.

१५ ऑक्टोबरला दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली. मोर्चासाठी मिळालेली परवानगी संध्याकाळी रद्द झाल्याचे कळले. मंडपाची ज्वारी दळून झाली होती, दहा गावांतून गाड्या ठरल्या होत्या, आणि काही संघटनांचे कार्यकर्ते त्या क्षणापासून आपापल्या पक्षाच्या कामाला लागणार होते. त्या रात्री साडेअकरापर्यंत फोन चालू होते. मोर्चा सोडून बंद सभागृहात परिषद घ्यायची, ध्वनिक्षेपकाचा अर्ज नव्याने करायचा, कोणताही उमेदवार किंवा पक्षाचा पदाधिकारी मंचावर नसेल असे लेखी द्यायचे, असे ठरले. दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती, आणि परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा रात्र झाली होती.

सतरा तारखेला तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात साडेचारशेच्या आसपास माणसे आली. मंचावर जी पाच माणसे बोलली त्यांपैकी कोणीही स्वतःची मागणी मांडली नाही. मिरजेत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका सभासदाने उचलीविषयी बोलताना ‘पन्नास हजार’ म्हटले, तेव्हा शेजारच्या जतच्या बाईने तिचा हात धरून ‘ऐंशी’ असे दुरुस्त केले. सगळ्या सभागृहाने ते पाहिले. शेवटी निवेदन घेऊन पाच जण जिल्हाधिकारी कार्यालयात गेले, कारण त्याहून अधिक जणांना जाता येणार नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये निवेदनाची पोच देणारे पत्र आले. निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागांकडे पाठविण्यात आले आहे, एवढेच त्यात होते. आम्ही चौघी ते पत्र घेऊन वाळवा तालुक्यातील एका फडावर गेलो, कारण जतच्या त्या बाईची टोळी या हंगामात तेथे उतरली होती. संध्याकाळी पाचटाच्या ढिगाशेजारी तिच्या मुलीने पत्र कानडीत वाचून दाखविले. उचलीची एक दोनशे पानी वही त्यांच्या टोळीने या वर्षी स्वतःकडे ठेवली होती. मुकादमाने आधी नकार दिला, मग प्रत्येक नोंदीवर सही केली. ती वही तिने आम्हाला दाखविली. त्यानंतर तिने विचारले की, पुढच्या ऑक्टोबरात तिला कोणाचे मांडायचे आहे. मी म्हणाले, तुम्हीच निवडा. तिने आमच्यातील एकीकडे बोट केले आणि खाडा म्हणजे नेमके काय, एका खाड्याला किती कापतात, आजारपणाचाही कापतात काय, हे विचारायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत तिची मुलगी त्याच वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेत होती.